दोन बाह्यांची मापं

“कुमुद, तुझं मशीन चालू आहे का गं?”

मगदूमबाईंनी दारातूनच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आतून आत्याबाईंचा आवाज आला, “चालू हाय की. रेडिओ ठिवायला लई बरं पडतंय.”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सासूला आत्याबाईच म्हणायची पद्धत होती. त्या मागच्या ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवणाचं मशीन चार वर्षांपासून खोलीच्या कोपऱ्यात क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं होतं आणि त्याच्यावर रेडिओ होता.

तारीख १३ एप्रिल १९८७, वार सोमवार. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहत होतो. हे कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. हंगाम संपत आला होता, दुपारी वारा फिरला की मळीचा आंबूस वास घरात शिरायचा. मगदूमबाई कॉलनीच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. सव्वीस वर्षं त्या शाळेत होत्या आणि महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही, शाळेमागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. त्या दिवशी एवढ्या उन्हातही त्यांच्या खांद्यावर करड्या रंगाची शाल होती. दिवाळीत मिरजेला पित्ताशयाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना हवा बाधते, असं त्या सगळ्यांना सांगत.

बाई खुर्चीवर बसल्या. पिशवीतून कापडाची घडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. जांभळट रंगाचं मऊ सुती कापड होतं, त्यावर बारीक पांढरी पानं.

“साडेचार मीटर आहे. ठाणातलं शेवटचं होतं. पंजाबी ड्रेस शिवायचाय.”

“कुणासाठी?”

“मला.”

ओसरीवरचा सुपाचा आवाज थांबला.

“बाई,” आत्याबाई म्हणाल्या, “थट्टा करताय व्हय?”

“नाही हो. सव्वीस तारखेला महिला मंडळ मला निरोप देतंय. तेव्हा घालणार आहे.”

त्या काळी कॉलनीत पंजाबी ड्रेस घालायच्या त्या कॉलेजात जाणाऱ्या पाच-सहा मुली आणि लुधियान्याहून आलेल्या एका इंजिनिअरची बायको. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं तो घालायचा ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नसती. मगदूमबाई तर कायम इस्त्रीच्या फिक्या साडीत, पदर खांद्यावर पिनेनं लावलेला.

मी म्हटलं, “बाई, सांगलीत चांगले शिंपी आहेत.”

“तिकडं मी जाणार नाही. आणि आपल्या नाक्यावरच्या दुकानात तर नाहीच. तिथं माप एकाचं घेतात आणि ऐकणारे सहा.”

“मी चार वर्षांत कात्री धरलेली नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग काय? तेरा दिवस आहेत.”

एवढं बोलून त्या उठल्या. दारापर्यंत गेल्यावर मागं वळून म्हणाल्या, “मापं घडीत कागदावर लिहून ठेवलीत. मी स्वतः घेतलीत. पुन्हा घ्यायची गरज नाही.”

त्या गेल्यावर आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं. “घेतलंस खरं,” त्या म्हणाल्या. “आता पानं उलटी लावू नगंस म्हंजे झालं.”

हे ‘उलटं’ कुठून आलं ते सांगायला हवं.

लग्नाआधी मी सांगलीत शिवणाचा दोन वर्षांचा डिप्लोमा केला होता. कॉलनीतले फ्रॉक, गणवेश, ब्लाउज माझ्याकडेच यायचे. १९८३ च्या मे महिन्यात माझ्या नणंदेचं, हेमाचं लग्न ठरलं, आणि शालूवरचा ब्लाउज मीच शिवणार हे न बोलता ठरलेलं होतं. हिरवा शालू, काठावर विणलेले पोपट. फिटिंग उत्तम बसलं. मांडवात अंतरपाट दूर झाला, हेमानं हार घालायला दोन्ही हात वर केले, आणि दोन्ही बाह्या शेजारी-शेजारी आल्या. डाव्या बाहीवरचे पोपट सरळ उभे होते. उजव्या बाहीवरचे डोकं खाली करून लटकत होते.

नवऱ्या मुलाची मावशी पुढच्याच रांगेत होती. ती म्हणाली, “अगं बया, एका बाजूचे पोपट मेले का काय?”

मांडव हसला. हेमाही हसली. फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला आणि तो अल्बमच्या पहिल्या पानावर लागला. घरात मग तो वाक्प्रचारच झाला. आमटीत मीठ जास्त पडलं, की आत्याबाई म्हणायच्या, “झाले पोपट उलटे.” त्यांच्या मनात डूख नव्हता, पण त्यांना विसरायचंही नव्हतं. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी मशीनवर रुमाल टाकला.

चूक कशी झाली ते मी नंतर कितीदा तरी तपासलं. दोन बाह्या सारख्या याव्यात म्हणून कापड दुहेरी घालून कापायचं, हा क्लासमधला पहिला धडा. मी काठावर काठ ठेवून तसंच कापलं. पण शालूतल्या त्या ब्लाउजपीसच्या दोन्ही काठांवरचे पोपट एकाच दिशेला तोंड करून विणले होते. वरच्या काठाचे पोपट मी खाली आणले तेव्हा ते उलटे झाले. घडी एकदा उलगडून बघितली असती तर दिसलं असतं. मी बघितली नव्हती.

मंगळवारी मी मशीनवरून रेडिओ उतरवला. पट्टा वाळून तुटला होता, नवा ह्यांनी कारखान्याच्या स्टोअरमधल्या ओळखीनं मिळवून दिला. तेल घातलं. दोन दिवस नुसते उशांचे अभ्रे शिवले. पहिल्या अभ्र्याची शिवण पाहून मी तो उसवून टाकला, दुसरा ठेवला. मग जुन्या वर्तमानपत्रावर ड्रेसचा कागद बेतायला बसले आणि पहिल्यांदा बाईंची मापं नीट वाचली.

ठळक, सुटं, फळ्यावरचं अक्षर. उंची ४०. खांदा १४. बाही २१, पूर्ण. त्याखाली: दंड – उजवा ११, डावा १४॥. मनगट – उजवं ६॥, डावं ८. छातीसमोर एक आकडा लिहून खोडला होता, दुसरा लिहून तोही खोडला होता, आणि शेवटी नुसतं ‘३६ धर’ असं होतं.

मी तो कागद दोनदा वाचला. दोन दंडांत साडेतीन इंचांचा फरक कसा असेल? टेपचा पहिला तुकडा फाटलेला असेल म्हणावं, तर दोन्ही मापं सारखीच चुकायला हवीत.

आत्याबाई खांद्यावरून डोकावल्या. त्यांना अक्षरं वाचता येत नसत, आकडे येत. “चौदा आन अकरा? आन ही पोरास्नी गणित शिकिवती? म्हणूनच आपली पोरगी पाढे इसरती.”

“एका हातानं दुसरा हात मोजायचा म्हणजे टेप सरकणारच,” मी म्हटलं.

“मग अकराच धर की. न्हाईतर एक बाही हाताला आन एक पायाला घालाय लागंल.”

मलाही तेच पटलं. उजव्या हाताला कुणीही माणूस डाव्या हातानं टेप लावतो आणि गडबडतो. इथं मात्र गडबड डाव्याच्या मापात होती, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

शनिवारी अकराच्या सुमारास मी फरशी पुसून कापड पसरलं. पानं सगळी वर तोंड केलेली आहेत हे तीनदा पाहिलं. बाह्यांसाठी दुहेरी घडी घातली, कागद ठेवला, खडूनं आखलं. दंड अकराच्या हिशेबानं, वर थोडं सैल. कात्री हातात घेतली. कापड शेवटचं होतं, चुकलं तर दुसरं मिळणार नव्हतं. कात्रीचं तोंड कापडाला लावलं आणि हात तिथंच थांबला.

घाबरून थांबला असं म्हणता येईल. पण मला आठवतं ते एवढंच, की समोर घडी घातलेलं कापड होतं आणि शेजारी एक न समजलेला आकडा होता. मागच्या वेळीही असंच घडी घातलेलं कापड होतं.

मी कात्री खाली ठेवली, टेप गळ्यात टाकला आणि चपला घातल्या.

“आता कुठं?” आत्याबाई म्हणाल्या.

“बाईंकडं. माप विचारून येते.”

“माप घ्यायचं न्हाई म्हणाली हुती ना?”

“म्हणाल्या होत्या.”

सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. बाईंनी दार उघडलं. घरातही शाल होतीच.

“बाई, राग मानू नका. डाव्या दंडाचं माप चुकून लिहिलंय का?”

त्यांनी माझ्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. “सव्वीस वर्षं इथं आणि त्याआधी दहा वर्षं जयसिंगपूरला मी पोरांची गणितं तपासलीत कुमुद. आकडा चुकलेला नाही.”

मग त्यांनी मला आत घेतलं, दाराला कडी लावली आणि शाल काढून खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवली.

डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत सुजलेला होता. ब्लाउजच्या त्या बाहीची शिवण पार उसवलेली, दोन सेफ्टी पिनांनी धरलेली. पदराखाली ब्लाउजची डावी बाजू रिकामी, सपाट होती.

“मिरजेला पित्ताशयाचं ऑपरेशन नव्हतं,” बाई म्हणाल्या. “गाठ होती. काढलं सगळं. डॉक्टर म्हणतात, आता बरं आहे. हात मात्र असाच राहणार.”

मी समोर बसले.

“छातीचं माप खोडलंय ते त्यामुळं,” त्या म्हणाल्या. “दोन बाजूंची दोन मापं कशी लिहायची ते मला कळलं नाही.”

“मला आधी सांगायचं ना बाई.”

“सांगणार होते. तुमच्या घरी गहू निवडणं चाललं होतं.”

मी हसले, मग त्याही हसल्या. त्यानंतर बोलणं सोपं झालं.

“बघ कुमुद, सत्कार म्हणजे शाल-श्रीफळ. चेअरमनसाहेबांच्या पत्नी, आपल्या वहिनीसाहेब, माझ्या अंगावर नवी शाल घालणार. त्याआधी ही काढावी लागेल, स्टेजवर, दोन-अडीचशे बायकांसमोर. मला लाज वाटत नाही गं. जे झालं ते झालं. पण त्या दिवशी लोकांनी शाळेबद्दल बोलावं, माझ्या हाताबद्दल नाही. निरोपाला आलेली माणसं ‘अरेरे’ म्हणत घरी गेलेली मला चालणार नाहीत.”

“आणि ड्रेसच का? सैल ब्लाउज शिवून दिला असता.”

“सैल ब्लाउज खांद्यावरून घसरतो. मग दुसरंच दिसतं.” त्या थांबल्या. “आणि खरं सांगू का, मला घालायचाच होता. पोरी घालतात ते बघते मी. दोन्ही हात मोकळे. पदर सांभाळायला नको.”

मी टेप काढला आणि पहिल्यापासून मापं घेतली. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. व्रणाजवळून टेप नेताना विचारलं, “लागतंय का?”

“नाही. तिथं आता काही लागतच नाही. तू आकडे बघ.”

दंड उजवा अकरा, डावा साडेचौदा. कागदावर होता तसाच.

घरी येऊन मी आखलेल्या खडूच्या रेघा झटकल्या आणि घडी उलगडली. कापड एकेरी पसरलं. पुढचा भाग, मागचा भाग, डावी बाही, उजवी बाही, प्रत्येक तुकडा वेगळा आखला आणि वेगळा कापला. चार तास लागले. क्लासमध्ये शिकलेलं सगळं माणसाच्या दोन बाजू सारख्या असतात असं धरून चाललं होतं. इथं दोन वेगळ्या बाजू बाहेरून सारख्या दिसायला हव्या होत्या. डाव्या बाहीची खांद्याशी जोडायची, मुंढ्याची गोलाई खोल घेतली. उजवी बाही हातापेक्षा बरीच रुंद कापून तिला आतून खळीचं कडक अस्तर दिलं, म्हणजे ती अंगाला न चिकटता डावीइतकीच भरलेली दिसेल. दोन्ही मनगटांना बारीक चुण्या घालून सारख्या रुंदीची पट्टी लावली. डाव्या छातीला आतून खिसा शिवला आणि त्यात बसेल अशी कापसाची गोल उशी केली.

आत्याबाई येता-जाता बघत होत्या. “दोन दिस झालं, दोनच बाह्या?”

“फॅशन आहे तशी.”

“असंल बाई.”

गुरुवारी दुपारी आत्याबाई देवळात कीर्तनाला गेल्या तेव्हा बाईंना बोलावलं. ड्रेस बसला. खांदे बसले, बाह्या पडल्या. मी म्हटलं, “आता हात जोडून नमस्कार करा. आता हार घेतल्यासारखे वर करा.” त्यांनी हात वर केले आणि कापसाची उशी सरकत थेट गळ्याच्या हाडाशी आली.

बाईंनी खाली पाहिलं. “हे बघ,” त्या म्हणाल्या, “एक विद्यार्थी बाकावर उभा राहिला.”

हसता-हसता मला रडू आलं. पण दोरा लावून बघितला, टाके घालून बघितले, काही जमेना. कापूस हलका, तो वर चढायचाच. बाई म्हणाल्या, “मी हात वर करणारच नाही, झालं.” मी म्हटलं, “हात वर करायचेत बाई. त्याच्यासाठीच तर शिवलाय.” तीन दिवस उरले होते.

आत्याबाई परतल्या तेव्हा उशी मशीनवर राहिली होती. त्यांनी ती उचलून दाबून पाहिली.

“हे काय गं?”

“टाचण्या टोचायची उशी.”

“एवढी मोठी?”

“हो.”

त्यांनी ती होती तिथं ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनशी बसले तर तिथं एक छोटी उशी होती. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या डोक्याखाली आत्याबाईंनी मोहरीची उशी दिली होती, तीच. ट्रंकेच्या तळातून काढलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी.

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

“कापूस वर चढतोय,” त्या म्हणाल्या. “मोहरी घाल. वजन ऱ्हातंय, आन अंगासंगं हलतंय.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

“बघतीस काय? माझ्या थोरल्या बहिणीचं असंच झालं हुतं. ती नंतर कुणाच्या लग्नाला गेली न्हाई. तिच्या पोरीच्यासुदिक.” त्यांनी पदरानं हात पुसले. “आमच्यात कुणाला शिवाय येत न्हवतं.”

हे सांगून त्या गहू उन्हात घालायला गेल्या.

रविवार, २६ एप्रिल. शाळेच्या पटांगणात मांडव, संध्याकाळी पाच वाजता. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही एवढ्या बायका जमत नसत. बाई आल्या त्या करडी शाल पांघरूनच, पण शालीखालून सलवार दिसत होती, आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत कुजबुज गेली.

“अगं, ड्रेस!”

“बाईंनी?”

“या वयात?”

“काय वाईट दिसतंय? तू घालून बघ, तुला जमतंय का.”

नाव पुकारल्यावर बाई स्टेजवर गेल्या. वहिनीसाहेब नवी शाल घेऊन उभ्या राहिल्या. बाईंनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली, कुणाकडे द्यावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि खाली पहिल्या रांगेत बसलेल्या आत्याबाईंच्या हातात दिली. मग सरळ उभं राहून सगळ्या मांडवाला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

मी उजवीकडे तिसऱ्या रांगेत होते. मी फक्त बाह्या बघत होते. दोन्ही सारख्या पडल्या होत्या. पानं सगळी वर तोंड करून होती.

वहिनीसाहेबांनी शाल घातली, नारळ दिला. माजी विद्यार्थिनींनी हार आणला. बाईंनी तो गळ्यातून काढून, हात पार डोक्यावर नेऊन, शाळेच्या शिपाईमावशींच्या गळ्यात घातला. काहीही सरकलं नाही. टाळ्या बराच वेळ चालल्या. नंतर भाषणं झाली, ती सगळी शाळेबद्दल होती. चहाच्या वेळी बायका बोलल्या ते फक्त ड्रेसबद्दल.

“कुणी शिवला हो बाई?” कुणीतरी विचारलं.

“कुमुदनं,” बाई म्हणाल्या. “तिच्याशिवाय कुणाला जमला नसता.”

लोकांनी ते कौतुक म्हणून ऐकलं. ते नुसतं कौतुक नव्हतं, हे तिथं तिघींनाच माहीत होतं.

बाई पुढं जयसिंगपूरला पुतण्याकडे राहायला गेल्या आणि आणखी अकरा वर्षं जगल्या. दर दिवाळीला त्यांचं कापड यायचं, कधी निळं, कधी पिस्ता. सोबत मापाचा कागद नसायचा. मापं माझ्याकडे होती.

निरोपाच्या त्या संध्याकाळी घरी येताना कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “पोपट न्हवते म्हणून बरं.” मी हसले. चार वर्षांत त्या बोलण्याला मी पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ फळीवर गेलेला होता. मशीनवर एक हिरवा खण होता आणि आत्याबाई स्टुलावर दंड उघडा करून बसल्या होत्या.

“चोळीचं माप घे,” त्या म्हणाल्या. “आन दोन्ही दंड मोज. जातं वढून वढून माझा उजवा जाड झालाय, म्या कवाचं बघतीया. आजवर कुणी इचारलं न्हाई.”

मी टेप लावला. उजवा पावणेअकरा. डावा सव्वादहा.

मी दोन्ही आकडे लिहून घेतले.